भिकनबापूंनी लॅपटॉप पारखला

भिकनबापूंना कुणी चहा दिला की ते कप हातात धरून आधी विचारतात, "यानी खोड काय शे?" म्हणजे ह्याच्यात वाईट काय आहे ते सांगा. साखर जास्त झाली, दूध पातळ आहे, पत्ती स्वस्तातली आहे, काहीतरी सांगायचंच. आमच्या नव्या शेजारणीनं एकदा हौसेनं म्हटलं, "काही खोड नाही बापू, मस्त चहा आहे." बापूंनी कप तसाच ओट्यावर ठेवला आणि घरी निघून गेले. ती बिचारी रडवेली झाली. मी तिला म्हटलं, अगं, पुढच्या वेळी म्हण आलं कमी पडलंय, बघ कसे पितात. पुढच्या वेळी तिनं तसं म्हटलं, तर बापूंनी वर आणखी अर्धा कप मागून घेतला.

बापू गुरांच्या बाजारातले दलाल. आता ट्रॅक्टर आले, बाजार आटला, बापूंचे गुडघेही गेले, पण सगळा जन्म विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मध्ये उभं राहण्यात गेला. गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. हातावर उपरणं टाकायचं आणि खाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करायचा, बघणाऱ्याला काही कळत नाही. बापूंचा नियम असा की उपरणं टाकायच्या आधी खोड सांगायची. बैल मारका आहे का, औताला जुंपला की बसतो का, एका अंगाला ओढतो का. विकणारा सांगत नसेल तर बापू स्वतः सांगून मोकळे. त्यामुळे विकणारे त्यांना शिव्या घालायचे आणि घेणारे मात्र रनाळ्यापासून पार मोलगीच्या डोंगरातून त्यांना शोधत यायचे. "बिनखोडनं जनावर देव बी घडत नही," बापू म्हणतात. "जो खोड सांगस नही, तो चोर शे."

हे बैलापुरतं असतं तर ठीक होतं. पण बापू डॉक्टरांनाही सोडत नाहीत. एका डॉक्टरांनी गुडघ्यासाठी गोळ्या लिहून दिल्या, बापूंनी चिठ्ठीवर बोट ठेवून खोड विचारली. डॉक्टर भडकले. म्हणाले, पोट बिघडेल, आम्लपित्त होईल, आणखी काय सांगू! बापू हात जोडून म्हणाले, बस, हेच पाहिजे होतं. तेव्हापासून ते त्या एकाच डॉक्टरांकडे जातात. मतं मागायला आलेल्या एका उमेदवारालाही त्यांनी विचारलं होतं. तो हसून पुढच्या घरी गेला.

लग्नाच्या बैठकीत तर त्यांना बोलवायची सोयच नाही. माझ्या पुतणीला बघायला पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा झाला, सगळं जमत आलं आणि कोपऱ्यातून बापूंनी विचारलं, "नवरदेवनी खोड काय शे?"  मुलाच्या काकांना काय वाटलं कोण जाणे, ते बोलून गेले, "थोडी घेतो, पण रोज नाही." झालं, जमलेलं लग्न मोडलं. माझे दीर महिनाभर बापूंशी बोलले नाहीत, आणि पुतणी मात्र बापूंना वाटीभर शिरा देऊन आली.

तर अशा या माणसाच्या नातीला, हर्षालीला, नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला नंबर लागला आणि तिला लॅपटॉप घ्यायची वेळ आली.

मी इथं नंदुरबारच्या एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. इतकी वर्षं कॉम्प्युटरसमोर बसून डोळ्यांची वाट लागली, तेवढ्या भांडवलावर गल्लीनं मला कॉम्प्युटरची डॉक्टरीण करून टाकलंय. कुणाचा मोबाईल पाण्याच्या बादलीत पडला तरी माझ्याकडे घेऊन येतात. म्हणून बापू सकाळीच माझ्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "ताई, पोरले लॅपटॉप लेवाना शे. तुमी चला. पारख मी करसू."

मी म्हटलं, पारख तुम्ही करणार तर मी कशाला?

"गर्दी लागस," बापू म्हणाले. "एकला मानूसले व्यापारी फसाडस."

मी आमच्या कॉम्प्युटरच्या सरांना विचारून ठेवलं होतं. ते म्हणाले, मॅडम, चकाकी बघू नका, कंपनीचं नाव बघू नका. मेमरी सोळा जीबी पाहिजे, प्रोसेसर दमदार पाहिजे, चार वर्षं जड प्रोग्राम चालवायचेत. नवा परवडत नसेल तर चांगला जुना घ्या, पण अशक्त नवा घेऊ नका. हे मी बापूंना बैजवार सांगितलं. बापूंनी लहान मुलाचं बोबडं ऐकावं तशी मान हलवली.

हर्षाली ही बापूंच्या मुलीची मुलगी. घरात हे दोघंच. पोर हुशार, तोंडाची फटकळ, सगळ्या गल्लीची लाडकी. तिनं शिकावं, नोकरीला लागावं, कुणाच्याही दारात मिंधं होऊन उभं राहू नये, ह्या एका गोष्टीवर बापूंचा जीव टांगलेला. म्हणून लॅपटॉप चुकला तर नुसता लॅपटॉप चुकणार नव्हता. हे मला कळत होतं, बापूंना तर माझ्याहून जास्त कळत होतं, आणि तिथंच सगळं घोडं अडलं.

पहिल्या दुकानातल्या टाय लावलेल्या पोरानं काचेच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. बापूंनी उपरणं मागं सारलं, डाव्या हातानं त्याचं बूड धरलं, उजव्या हाताचा अंगठा कोपऱ्यात घातला आणि बैलाचा जबडा उघडतात तसं झाकण उघडलं. मग वाकून बटणं बघितली, त्यांच्यावरून बोट फिरवलं. "दात जुळेल शेत," ते मला म्हणाले. हर्षाली ओढणी तोंडात कोंबून उभी.

"यानी खोड काय शे?" बापूंनी पोराला विचारलं.

"काका, नवीन पीस आहे. यात काही खोड नाही. वर्षाची वॉरंटी आहे."

"वॉरंटी म्हंजे?"

"बिघडला तर कंपनी दुरुस्त करून देते."

"म्हंजे बिघडस," बापू म्हणाले. "मंग कसा बिघडस ते सांग ना."

पोरानं माझ्याकडे बघितलं, मी पंख्याकडे बघितलं. त्यानं मॅनेजरला आणलं. मॅनेजर शपथेवर म्हणाला, काही खोड नाही. बापू उठले.

दुसऱ्या दुकानात गेम खेळणाऱ्यांचा लॅपटॉप होता, बटणांखाली लाल दिवे. मशीन दणकट, सरांनी सांगितल्यासारखं. बापूंनी झाकण उघडलं आणि दोन पावलं मागं झाले. "डोयामा रगत उतरेल शे," ते म्हणाले. "मारकं शे हाई. पोरना खोलीमा नको." मी कपाळाला हात लावला. मग त्यांनी तिथलाच दुसरा उचलला आणि तो घेऊन तडक दुकानाबाहेर निघाले. विकणारा पोरगा चोर चोर ओरडायच्या बेतात होता, तेवढ्यात बापू रस्त्यावर उन्हात थांबले. जनावर सावलीत घेत नाहीत म्हणे. उन्हात त्यांना पडद्यावर काहीच दिसेना. बापूंनी लॅपटॉप पोराच्या हातात परत दिला. "उनमा आंधयं व्हस," त्याला त्यांनी अगदी सहानुभूतीनं सांगितलं.

तो पोरगा हसला. रस्त्यावरचे दोघं-चौघं हसले. मलाही हसू येत होतं, खोटं कशाला बोलू? पण बापूंना लोक हसायला लागले की मला थोड्या वेळानं रागच येतो, कारण त्यांना माहीत नसतं आणि मला माहीत आहे.

पूर्वी बापू बैलाशिवाय कशाचीच खोड विचारत नसत. त्यांना एकच मुलगी, मनीषा. तिच्यासाठी स्थळ आलं तेव्हा बापू स्वतः बघायला गेले. घर बघितलं, शेत बघितलं, गोठ्यातल्या गाईंच्या पाठीवरून हात फिरवला. विहिरीत वाकून बघितलं. बारमाही पाणी होतं. त्या पाण्यावर बापू असे खूश झाले की तिथल्या तिथं सुपारी फोडून आले. घरच्या माणसांची खोड त्यांनी विचारली नाही. मुलीच्या बापानं असं विचारायचा रिवाज नाही ना! हर्षाली नुकती पाऊल टाकायला लागली होती, तेव्हा मनीषा त्याच विहिरीत सापडली. पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं. पोलिसांनीही तेच लिहून घेतलं. गावातून एक माणूस पुढं आला नाही. बापू नातीला कडेवर घेऊन नंदुरबारला आले, आणि वर्षाच्या आत त्यांची बायकोही गेली. तेव्हापासून ते सगळ्यांना विचारत सुटलेत. चहाला, गोळीला, नवरदेवाला. मनीषाचं नाव मात्र त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून गल्लीत कुणी ऐकलं नाही.

असो. मी त्यांना रफीकभाईंकडे नेलं. रफीकभाई जुने लॅपटॉप सुरतेहून आणतात, खोलून साफ करून विकतात. त्यांचे वडील बकऱ्यांचे व्यापारी होते, त्यामुळे बापूंना ते लहानपणापासून ओळखत होते. त्यांनी एक काळा, जाडजूड, ओबडधोबड लॅपटॉप पुढं ठेवला आणि बापूंनी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "बापू, तुमसे क्या छुपाना? बॅटरी थकेल शे. बिजागरी ढिल्ली शे. कोपरा फुटेल व्हता, मी जोडेल शे. पन अंदरसे पैलवान शे."

बापूंचा चेहरा असा उजळला की काय सांगू! इतक्या दुकानांत पहिल्यांदा त्यांना माणूस भेटला होता. मी मेमरी विचारली, सोळाच होती. हर्षालीनं दोन-चार प्रोग्राम उघडून बघितले आणि मला डोळ्यानं खुणावलं, हाच. बापूंनी उपरणं काढलं, रफीकभाईंच्या हातावर टाकलं. दोघंही छपराकडे बघत उभे, खाली बोटं चालू. एक गिऱ्हाईक मोबाईलची काच लावायला आलं होतं, ते घाबरून दारातच थबकलं. रफीकभाईंनी मान हलवली, बापूंनी मान हलवली, सौदा झाल्यातच जमा होता.

तेवढ्यात हर्षालीनं हौसेनं एक मोठा प्रोग्राम चालू केला आणि लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला.

बापूंनी उपरण्याखालून हात काढला. वाकले. झाकणाला कान लावला. "धापी ऱ्हायनं," ते म्हणाले.

रफीकभाई म्हणाले, "बापू, तो पंखा शे. काम करस म्हनीसन गरम व्हस, गरम व्हस म्हनीसन पंखा फिरस."

"उभ्या जागावर धापस, ते औतले काय कामनं?"

मी म्हटलं, "बापू, धापतं म्हणजे काम करतंय. न धापणारं काही करतच नसतं."

"ताई," बापूंनी शांतपणे विचारलं, "तुमी कधी बैल लियेल शे का?"

 मी म्हटलं, अति शहाणा त्याचा बैल रिकामा, लक्षात ठेवा. बापूंनी रफीकभाईंचा हात हातात घेतला, तू खरा माणूस शे, जनावर दमेकरी शे, एवढं सांगितलं आणि बाहेर पडले. रफीकभाई माझ्याकडे बघत राहिले. मी बापूंच्या मागं पळाले.

शेवटी नको तेच झालं. एका झगमगीत दुकानात एक चंदेरी लॅपटॉप होता, सडपातळ, पापडाएवढा पातळ. त्याला पंखाच नव्हता. सिनेमा बघायला, पत्रं लिहायला ठीक, पण जड कामाचा नव्हेच. बापूंनी त्याला कान लावला. बराच वेळ लावला. दुकानदारानं खुर्ची दिली तर खुर्चीवर बसून लावला. आवाज नाही, धाप नाही, अंग गरम नाही. "शांत जनावर शे," बापू हळूच म्हणाले. मग खोड विचारली. विकणारी मुलगी दमली होती, दुकान बंद करायची वेळ होत आली होती. ती म्हणाली, "आजोबा, याच्यावर ओरखडे लवकर पडतात." बापू खूश! खोडही कळली आणि तीही अशी किरकोळ.

मी मेमरी विचारली. तिनं सांगितली ती सोळाच्या जवळपासही नव्हती. मी म्हटलं, नाही, हा चालणार नाही, बापू, अजिबात नाही. बापूंनी हर्षालीकडे बघितलं. "तू सांग, पोरी."

हर्षालीला सगळं कळत होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, लॅपटॉपकडे बघितलं, मग त्या झाकणाला कान लावून बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघितलं. "बापू, हाच लेऊत," ती म्हणाली. मी टेबलाखालून तिला चिमटा काढला, तिनं माझा हात बाजूला केला. बाहेर आल्यावर मी तिला झापलं. ती म्हणाली, "चालून जाईल, मावशी. कॉलेजात लॅब असते. बापू किती वर्षांनी असे खूश दिसले, बघितलं ना तुम्ही?"

घरी आणलेल्या नव्या बैलाचं जसं करतात तसं बापूंनी त्या लॅपटॉपचं केलं. दारात थांबवलं, कुंकू लावलं, आरती ओवाळली, नजर लागू नये म्हणून झाकणाच्या कडेला काळा दोरा चिकटवला. मग ते तांब्या घेऊन आले. नव्या जनावराच्या खुरांवर पाणी घालायचं असतं. मी अशी किंचाळले की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. तांब्या त्यांच्या हातातून मी हिसकावला म्हणून तो लॅपटॉप निदान नाशिकला तरी पोचला.

पोर गेली आणि बापूंचं घर एकदम गप्प झालं. त्यांचा फोन साधा, त्यात आवाज नीट येत नाही, म्हणून ते दिवेलागणीला माझ्या ओट्यावर यायचे आणि माझ्या फोनवरून आम्ही हर्षालीला लावायचो. सुरुवातीला ती ऐकायचीच नाही, नुसती बोलत सुटायची. नाशिकला थंडी कशी, मेसची बाई कशी, शेजारच्या खोलीतली मुलगी आरशासमोर किती वेळ. बापू हसून हसून खोकायचे.

मग हळूहळू फोन लहान व्हायला लागला. अभ्यास आहे म्हणायची. एके दिवशी बापूंनी विचारलं, कसं चालू शे? ती म्हणाली, "बठं बरं शे, बापू." म्हणजे सगळं ठीक आहे. लॅपटॉप कसा शे? "तो बी बरा शे." फोन संपला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा, "बठं बरं शे, बापू," तोच आवाज, तेच शब्द.

बापूंनी फोन माझ्या हातात दिला आणि उठून उभे राहिले. "ताई, सकायले नाशिकनी गाडी कितीले शे?"

मी म्हटलं, "अहो, काय झालं? सगळं बरं आहे म्हणाली ना ती?"

"म्हनीसनच," बापू म्हणाले. ओट्याच्या खांबाला धरून ते पुन्हा खाली बसले.  "मनीषा बी असंच सांगे. दर फोनले. बठं बरं शे, बापू. मरनाना आदल्या रोज बी फोन करेल व्हता तिनी. तवय बी तेच बोलनी."

इतक्या वर्षांनी मी त्यांच्या तोंडून मनीषाचं नाव ऐकत होते.  मी आत गेले, पाणी आणलं. बापू ते घटाघटा प्यायले, आणि त्याची खोड त्यांनी विचारली नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली. मी सकाळी रजा टाकली.

नाशिकच्या गाडीत बापूंना मी खिडकीशी बसवलं. खिडकीतून शेतं जात होती. एखादी विहीर दिसली की बापू मान फिरवून समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसायचे. मी त्यांना चिवडा दिला, तो त्यांनी मुठीतच धरून ठेवला. माझ्याही मनात नाही नाही ते येत होतं. नुसत्या लॅपटॉपसाठी पोर इतकी गप्प होईल का? का दुसरंच काही आहे? हॉस्टेलं, अनोळखी गाव, एकटी पोर. मी दोनदा तिला फोन लावला, तिनं उचलला नाही, ते मी बापूंना सांगितलंही नाही.

हॉस्टेलच्या फाटकाजवळ भेटायला येणाऱ्यांसाठी सिमेंटचा बाक होता. वॉचमननं निरोप दिला. हर्षाली धावतच आली. वाळली होती, डोळे सुजलेले. आम्हाला बघून तिचा चेहरा पांढरा पडला. "बापू! काय झालं? तुमची तब्येत...?"

"मन्ही तब्येत बरी शे. तुन्हं सांग."

"मन्हं काय? बठं बरं..."

"तो शब्द मन्हापुढे काढू नको!" बापू एवढ्यानं ओरडले की वॉचमन खुर्चीतून उठला. मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. लगेच त्यांचा आवाज बसला. "तुन्ही माय बी तेच सांगे माले. माले दुख नको म्हनीसन सांगे. आनि मी मानी लिधं, पोरी. मी मानी लिधं."

 आईबद्दल बापू पहिल्यांदाच हर्षालीशी बोलत होते. क्षणभर मला वाटलं ती रडणार. पण ती रडली नाही, भडकली. कमरेवर हात ठेवून, अहिराणीत, सगळ्या हॉस्टेलला ऐकू जाईल अशी.

"तुमले काहीच समजस नही, बापू! तो लॅपटॉप काहीच कामना नही! प्रोग्राम उघडस नही, उघडना तं बंद पडस! बठी पोरं खोलीमा काम करतस, मी लॅब बंद व्हस तवलोंग लॅबमा बठस, मंग दुसरीना लॅपटॉप मांगस, ती तोंड वाकडं करस! परीक्षामा मन्हं काम पुरं व्हयनं नही, सरनी बठास्ना पुढे विचारं, लॅपटॉप शे ना तुनाकडे? मावशीनी सांगेल व्हतं तुमले! रफीकभाईनी सांगेल व्हतं! लॅपटॉप बैल नही, बापू!"

"हळू, पोरी," मी म्हटलं. बापूंनी माझा हात घट्ट धरला. "बोलू द्या तिले, ताई. थांबाडू नका." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि चेहरा असा झाला होता की हा माणूस रडतोय का हसतोय तेच कळेना.

"तो धापणारा पाहिजे व्हता माले," हर्षाली म्हणाली. 

"लई येसू. तो गया व्हई तं दुसरा लई येसू, तू सांगशी तो. आखो?" म्हणजे आणखी काय?

"मेसनी भाजी खावाई नही."

"आखो?"

"ताप उना व्हता माले, सांगं नही तुमले."

"आखो?"

ती सांगत गेली. खोलीतल्या मुलीचं, पाण्याचं, रात्री घराची आठवण येते त्याचं, नापास झाले तर काय, ह्या भीतीचं. बापू प्रत्येक वेळी तेवढंच विचारत होते. सांगता सांगता ती दमली. मग खाली बघून म्हणाली, "आनि तुमी मन्ही मायनं कधीच काही सांगत नही. ती कशी व्हती, माले म्हाईतच नही."

 बापूंनी उपरणं खांद्यावर नीट केलं. मला वाटलं, उठतील, गाडीचं विचारतील. मी पिशवी उचललीसुद्धा.

"तुन्ही माय," बापू म्हणाले, "मारका बैलले भ्याये नही. एवढीशी व्हती, शिंगले धरे. कोनलेच भ्याये नही." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "माले भ्याये. बापले दुख व्हई, ह्यानं तिले भ्या वाटे."

ते बाकावर थोडे सरकले. हर्षाली त्यांच्या शेजारी बसली आणि तिनं विचारलं, "मंग?" मी पिशवी पुन्हा खाली ठेवली. गाडी चुकली तर दुसरी होती.